छत ठोकून ऐकणारी माणसं



लोणावळ्याहून कर्जतकडे गाडी उतरू लागली की डब्यातली मुलं बोगदे मोजायला लागतात. मीही मोजायचो आणि दर वेळी आकडा निराळा यायचा. बोर घाटाचा हा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला, तेव्हा त्यावर २५ बोगदे होते. डायनामाइट तेव्हा नव्हतंच, त्याचं पेटंट १८६७ चं. काळ्या कातळात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. १८६१ मध्ये तिकडे आल्प्समधल्या फ्रेजूस बोगद्यात दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं कातळ पोखरू लागली होती. आपल्या घाटात त्याच वर्षी चाळीस हजारांवर माणसं राबत होती.

त्याआधी, जानेवारी १८५९ मध्ये, मजुरी वेळेवर आणि पुरी मिळेना म्हणून मजुरांनी इथे दंगा केला होता. पहिला कंत्राटदार काम सोडून गेला. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आले आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडलं नाही. माहितगार इंजिनिअर नेमून त्यांनी ते तडीस नेलं. बाईंचं नाव आज आदरानं घेतलं जातं, घ्यायलाच हवं. पटकीनं गेलेल्या मजुरांच्या वाट्याला मात्र तेवढंही आलं नाही.

हे सांगतोय कारण माझाही धंदा जमिनीखालच्या माणसांचाच. तळेगावजवळच्या एका शेडमध्ये मी खाणीच्या छताला लावायच्या पोलादी सळ्या करत आलो. खाणीतला स्फोट म्हटला की वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो. पण आपल्या भूमिगत कोळसा खाणींत छत कोसळून एकेक, दोन-दोन माणसं जात राहिली, त्यांची बातमी दोन ओळींची. पूर्वी छताला लाकडी टेकू देत. टेकू खालून तोलतो. सळीचं काम वेगळं. छतातले थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. सळी ती पानं शिवून टाकते. दीडेक मीटर भोक पाडायचं, सिमेंटच्या कांड्या भिजवून आत सारायच्या, सळी घुसवायची, बाहेरून पट्टी आणि नट. ऐकायला सोपं आहे.

सुरुवातीच्या वर्षांत विदर्भातल्या एका खाणीत माझा माल गेला. माझ्या शेडमध्ये प्रत्येक सळी जॅकनं खेचून पाहिलेली. तिथे मात्र दहातल्या तीन सळ्या जॅक लावताच सरकल्या. मी पोलादाचे दाखले पुढे केले, सिमेंटवाल्याला दोष दिला. शेजारी उभा असलेला एक वयस्कर कामगार शांतपणे म्हणाला, "साहेब, सळी चांगलीच आहे. पण आमचं भोक तुमच्या कागदातलं नाही."

त्याचं खरं होतं. छिद्रणाचं यंत्र थरथरत होतं, भोक रुंद पडत होतं. सळीभोवती जागा जास्त राहिली की तेवढ्या सिमेंटची पकड बसत नाही. मी ते भोक पाहिलंच नव्हतं! इंजिनिअरची पदवी असूनही नव्हतं पाहिलं. बरं, त्या सळ्यांखाली तोवर दोन पाळ्या काम करून गेल्या होत्या. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही.

त्यानंतर प्रत्येक पेटीत भोक मोजायचं गेज टाकू लागलो. खाणीत, त्याच छतात चाचणी करू दिली तरच माल द्यायचा, असंही ठरवलं. दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. एकानं तर "तुम्ही सळ्या विका, खाण आम्ही चालवतो" असं सुनावलं. घरात त्या वर्षी पैशाची ओढाताण झाली. बायकोनं एकदाच विचारलं, "पुन्हा तसंच विकायचं का?" मी नाही म्हणालो. विषय तिथे संपला.

त्या कामगारानं मला आणखी एक शिकवलं. पहारीनं छत ठोकायचं आणि ऐकायचं. घट्ट दगड खणखणीत वाजतो, सुटलेला पोकळ, ढबढब.

आपल्या घाटातही हेच. इथे कोळसा नाही, लाव्ह्याचा कातळ आहे. पण त्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडी, मऊ माती असते, तिच्यात आणि भेगांत पाणी मुरतं. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवासी दगावले. मग जाळ्या आल्या, सळ्या आल्या. रेल्वेची माणसं मात्र दर वर्षी पावसाळ्याआधी दोर बांधून कड्यावर चढतात, सैल धोंडे हुडकतात आणि गाड्या थांबवून ते खाली पाडतात. मे महिन्यात खंडाळ्याजवळ गाडी उगीच थांबली असं वाटलं, तर खिडकीतून वर बघा.