बिल्ला लावला म्हणजे

(कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा येथे बचतगटांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पुढे होणाऱ्या एका साहित्य संमेलनासाठी आपल्या गटांकडे पंचवीस बाया मागितल्या आहेत. तीन दिवस, जेवण त्यांचे, मानधन नाही. जायचे की नाही हे ठरवण्याआधी, मागे आपण चौदाजणी अशाच एका मोठ्या संमेलनात राबून आलो त्याबद्दल मला बोलायचे आहे. संमेलन कोणते, गाव कोणते, हे सांगणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही इथे नाव घेऊ नये.

आधी चांगले सांगते, कारण ते खरेच चांगले होते. धानाची कापणी-चुरणी आटोपली होती. आपल्यातल्या कित्येकींनी माहेर आणि दवाखाना सोडून घराबाहेर कधी रात्र काढली नव्हती. मंडईच्या रात्री दंडार पाहायला जातो तेव्हाही सोबत घरचे असतात, आणि कडेवर लेकरू असते. इथे पहिल्यांदा लेकरू घरी, आणि गळ्यात बिल्ला. पुस्तकांच्या गाळ्यांवरची गर्दी हटत नव्हती. आवडत्या लेखकाची सही घ्यायला माणसे तास-तास उभी होती. आपल्यातल्या एकीने स्वतःच्या पैशाने आयुष्यातले पहिले पुस्तक घेतले आणि पिशवीत साडीखाली लपवून आणले. लपवले का, असे विचारले तर म्हणाली, "घरी विचारतील, किती पैसे घातले म्हणून."

आता कामांची वाटणी. पहिल्याच बैठकीत कागद वाचला गेला. ध्वनिक्षेपक, वाहने, मंडप, मंचव्यवस्था, निधी : पुरुष. रांगोळी, औक्षण, स्वागत, भोजन, ग्रंथदिंडीतले कलश : महिला. कोणी वाद घातला नाही, मीही नाही. वर नऊवारी आणि नथ ज्याची त्याने आणायची. पाहुण्यांना गुच्छ देताना आपण फोटोत आलो, पण परिसंवादात काय बोलले गेले ते आपल्यातल्या एकीलाही सांगता येत नव्हते, कारण त्या वेळी आपण पोळ्या मोजत होतो.

औक्षणाच्या रांगेत आपली एक मैत्रीण उभी राहिली. तिचे यजमान वारले आहेत. एका बाईनेच, हो, बाईनेच, तिच्या हातून तबक काढून घेतले आणि हळूच म्हणाली, "तुम्ही पाण्याकडे बघा ना." ती तीन दिवस पाण्याकडे होती. मला हे शेवटच्या दिवशी कळले. २०१९ साली यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात काय झाले, आठवा. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेतले गेले. मग उद्घाटन केले वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. निमंत्रण मागे घेण्याची लाज त्यामुळे पुसली जात नाही, हे माझे मत. पण अखिल भारतीय संमेलनाचे उद्घाटन जिच्या हातून होऊ शकते, तशाच बाईच्या हातचे तबक आपल्या रांगेत चालत नाही, हे कुठल्या हिशेबात बसते?

या संमेलनांची सुरुवात १८७८ साली पुण्यात झाली, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. अध्यक्षपदावर पहिली स्त्री यायला १९६१ साल उजाडले : ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. मग दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर. दिल्लीपर्यंतच्या ९८ संमेलनांत सहा. मंडपाच्या मागच्या बाजूला मात्र पहिल्यापासून बायाच असणार. त्यांची मोजदाद कोण ठेवतो!

आता जे बोलायला मी खरी उभी आहे ते. ज्या मुलीबद्दल बोलते आहे तिने हे भाषण आधी ऐकले आहे आणि नाव न घेता बोलायला होकार दिला आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका पाहुण्यांच्या खोलीवर कार्यक्रमपत्रिका पोचवायची होती. कोण जाईल म्हणून मी इकडेतिकडे पाहिले आणि एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला पाठवले. एकटीला. मीच पाठवले. रात्री सतरंज्या गुंडाळताना ती माझ्याजवळ आली. पाहुण्यांनी हात धरला, दार लोटले, ती हिसडा देऊन पळाली. ज्या माणसाची सही घ्यायची म्हणून तिने वही जपून ठेवली होती, तोच हा माणूस.

मी काय म्हटले असेल? मी म्हटले, "उद्याचा दिवस निघू दे, मग बघू." एका पदाधिकाऱ्यांच्या कानावर घातले तर ते म्हणाले, "ताई, संमेलनाला गालबोट लागेल." त्यांचा राग यायला मला तोंड कुठे होते? माझे वाक्य तरी वेगळे काय होते?

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी माझ्याकडे आहे. विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा, हे मला पाठ होते. पण तो कचेरीसाठी, कारखान्यासाठी, असेच डोक्यात बसलेले. घरी येऊन कायदा पुन्हा काढला तेव्हा दिसले की त्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत पगार न घेता, स्वेच्छेने काम करणारीही येते. आणि संस्था, न्यास, मंडळे कामाच्या ठिकाणांत येतात. म्हणजे बिल्ला लावलेली बाई ही नुसती हौशी पाहुणी नाही. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत. जिथे ती नाही तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची; कारण दिले तर आणखी तीन महिने मिळू शकतात.

मी हे वाचले तेव्हा चौथा महिना लागला होता. मुदत वाढवून मागता आली असती. पण तोवर तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती आणि ती म्हणाली, "आता नको, ताई." मी जोर केला नाही. करायला हवा होता का, हे मला आजही ठरवता येत नाही. तुमच्यातल्या कोणाला वाटत असेल की मी चुकले, तर चहाच्या वेळी तोंडावर सांगा.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत चित्रकथा आणि सिनेमांच्या चाहत्यांचे प्रचंड मेळावे भरतात. लोक आवडत्या पात्रांची सोंगे घेऊन येतात. तिथे सोंग घेतलेल्या मुलींच्या अंगाला हात लावला जाई. २०१४ साली न्यूयॉर्कच्या मेळाव्यात मोठे फलक लावले गेले : पोशाख म्हणजे संमती नव्हे. नऊवारी नेसून तबक धरणाऱ्या मुलीसाठी आपल्या एखाद्या मंडपात असा फलक कोणी पाहिला आहे का? निदान तक्रार कोणाकडे करायची, ते नाव आणि फोन नंबर तरी?

तर जायचे की नाही? माझे म्हणणे, जायचे. पुस्तक साडीखाली लपवणारी ती बाई मला पुन्हा गाळ्यांवर पाहायची आहे, आणि या वेळी परिसंवादाच्या मांडवातही. पण आधी बोलून. पाहुण्यांच्या खोलीवर एकटी बाई जाणार नाही; कागद पोचवायचा तर पुरुष स्वयंसेवक पोचवतील. कामे रोज बदलतील. पोळ्यांवर एक दिवस त्यांनीही बसावे, ध्वनिक्षेपक आपल्याही हाताला शिकता येतो. रात्री परतायला गाडी, आणि ती कोण चालवणार ते आधी कळले पाहिजे. कडी लागणारे, पाणी असलेले संडास मंडपाजवळच. मागच्या वेळी आपण दुपारभर पाणी पीत नव्हतो, हे विसरू नका. औक्षण ठेवायचेच असेल तर ज्या बाईला तबक धरावेसे वाटेल ती धरेल. आणि तक्रार समितीचे नाव फलकावर.

यातले काही ते मान्य करतील, काहींना हसतील. समितीच्या नावावर आणि खोलीच्या अटीवर मात्र आपण मागे सरकायचे नाही; ते नाही म्हणाले तर पंचवीसच्या जागी एकही जाणार नाही.

पत्र लिहून आणले आहे. अंगणवाडीताईंकडे आहे. वाचायला जड जाईल त्यांना त्या वाचून दाखवतील. सही, अंगठा, दोन्ही चालेल. खाली जागा मोकळी सोडली आहे. माझ्या ध्यानात न आलेले तुम्हांला सुचेल, ते तिथे लिहा.