शौर्यपदकाचा अर्ज

वाचकहो, सैनिकाने पराक्रम केला की त्याच्या छातीवर पदक आपोआप लागते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. वस्तुतः पराक्रम घडतो रणांगणावर आणि पदक तयार होते कागदावर. या दोहोंच्या मध्ये कुणीतरी पाहणारा असावा लागतो, आणि पाहिले ते वेळीच लिहून वर पाठवणाराही असावा लागतो. तो नसला तर काय होते, आणि मग मागाहून तुम्हां-आम्हांसारख्या नागरिकांनी काय करावयाचे, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

निमित्त अगदी घरचे आहे. आमचे माहुल म्हणजे एका अंगाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला खाडी, मधे कोळ्यांचे जुने गाव आणि अलीकडे उठलेल्या उंच इमारती. इथे लष्करातून निवृत्त झालेली माणसे पुष्कळ आढळतात. अशाच एका वृद्ध सैनिकासाठी आमच्याकडच्या काही तरुणांनी सह्यांची मोहीम काढली. गृहस्थ १९७१च्या युद्धातले. मी महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा गावातला कोणताही अर्ज शुद्धलेखनासाठी माझ्याकडे यायचाच, तसा हाही आला. सह्यांचे कागद चांगले जाडजूड होते. अर्ज मात्र अर्ध्या पानाचा. 'आजोबांनी अतुलनीय शौर्य गाजवले, त्यांना परमवीर चक्र मिळालेच पाहिजे', एवढाच त्याचा सारांश. कोणत्या पलटणीत होते, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, त्यांनी नेमके काय केले आणि ते कोणी पाहिले, यातले एक अक्षर त्यात नव्हते!

मुलांचा हेतू सोन्यासारखा होता, याबद्दल वाद नाही. पण परमवीर चक्र ही मतांवर मिळणारी वस्तू नव्हे. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर आणि वीर ही तिन्ही चक्रे सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ती लागू करण्यात आली. परमवीर चक्र शत्रूसमोर केलेल्या असामान्य शौर्यासाठी आहे. आजवर ते अवघ्या २१ जणांना मिळाले, आणि त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. (जाता जाता सांगतो, या पदकाची आकृती रेखाटली ती सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी.) या पदकासाठी नाव सुचवावयाचे ते सैनिकाच्या वरिष्ठाने. पलटणीतून निघालेला कागद एकेक पायरी चढत दिल्लीला जातो. पद्म पुरस्कारांसाठी २०१६ पासून कोणीही नागरिक घरबसल्या नाव पाठवू शकतो. रणांगणावरच्या शौर्यपदकाला तशी वाट नाही. हजार सह्या असोत की लाख, वरिष्ठाच्या एका शिफारशीची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

हा कागद वेळेवर निघाला तर काय होते, ते राम राघोबा राणे यांच्या बाबतीत दिसते. कारवारकडचे राणे बॉम्बे सॅपर्सचे. १९४८च्या एप्रिलात नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे जावयाचे होते, आणि वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली. ८ एप्रिलला कामाला हात घालतात तोच तोफगोळे आले; त्यांची माणसे पडली, स्वतः राणे जखमी झाले. तरीही ११ एप्रिलपर्यंत ते रस्ता मोकळा करीत राहिले. त्यांच्या मागून रणगाडे येत होते, म्हणजे पाहणारे डोळे भरपूर होते. रस्ता मोकळा झाला, हाच मुळी पुरावा होता. राण्यांना परमवीर चक्र हयातीत लाभले. कुणाला सह्या गोळा कराव्या लागल्या नाहीत.

पण पाहणारा डोळाच नसला तर? ७ सप्टेंबर १९६५ रोजी आपली मिस्टेअर विमाने पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ला करावयास गेली. त्यांत स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या हे कूर्गचे वैमानिक होते. विमाने परतली, देवय्या परतले नाहीत. त्यांचे काय झाले, हे आपल्याकडे कुणालाच ठाऊक नव्हते. वर्षे गेली. १९७९ साली जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचे पाकिस्तानी हवाई दलाच्या लढाईवरचे पुस्तक निघाले, आणि त्यातून उलगडा झाला: पाकिस्तानच्या एका स्टारफायटर विमानाने एका मिस्टेअरवर मारा केला, पण त्या जखमी मिस्टेअरने उलट फिरून स्टारफायटरलाच पाडले. पाकिस्तानी वैमानिक हवाईछत्रीने उतरून वाचला. स्टारफायटर म्हणजे त्या काळी वेगाचे दुसरे नाव. मिस्टेअर त्याच्यापुढे कितीतरी संथ. हिशेब जुळवला तेव्हा ते विमान देवय्यांचेच ठरले. त्यांच्या स्क्वाड्रनचे त्या वेळचे प्रमुख तनेजा यांनी हवाई दलाकडे हा विषय लावून धरला, आणि १९८८ साली, म्हणजे २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले.

यात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की साक्ष आली ती शत्रूच्या गोटातून. आपल्या माणसाचा पराक्रम आपल्याला कळावयास परक्याचे पुस्तक वाचावे लागले! आणि पुस्तक निघूनही नऊ वर्षे गेली, हे विसरू नका. माहिती असणे निराळे आणि माहितीला पाय फुटणे निराळे. ती घेऊन दारोदार हिंडणारा कुणी तरी हवा असतो.

त्याच १९६५ सालातली अमेरिकेची एक हकीकत आहे. व्हिएतनाममध्ये बाँग सन येथे जून महिन्यात पॅरिस डेव्हिस नावाच्या कृष्णवर्णी कॅप्टनने, स्वतः जखमी असता, आपल्या जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून ओढून आणले. त्यांच्या वरिष्ठाने त्यांचे नाव मेडल ऑफ ऑनरसाठी लागलीच पाठवले. तो कागद हरवला. १९६९ साली चौकशी झाली. फाईल सापडली नाही. ती का हरवली, यावर डेव्हिस यांच्या मित्रांनी रंगाकडे बोट दाखवले, आणि त्या काळच्या अमेरिकेत ती शंका येणे अगदी स्वाभाविक होते. पुढे काही जुन्या सोबत्यांनी आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून साक्षी जमवल्या, प्रकरण नव्याने उभे केले, आणि ३ मार्च २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी ते पदक डेव्हिस यांच्या गळ्यात घातले. तेव्हा त्यांचे वय ८३. तिथे सोबती हयात होते म्हणून हे झाले. आणखी दहा वर्षे गेली असती तर कोणी कोणाची साक्ष द्यावयाची?

आता आपल्या मराठी मुलुखातली गोष्ट, आणि तीही १९६५चीच. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळ पेठ म्हणून गाव आहे. तिथले मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई दलात होते, मुष्टियुद्धाचा नाद. १९६५च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले. उपचार म्हणूनच पाण्यात उतरवले, आणि पाण्यात हा मनुष्य पुन्हा सैनिक झाला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्ण. क्रिकेटवीर विजय मर्चंट यांनी त्यांच्या प्रवासाला हातभार लावला होता, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी ते नव्हते.

पुढे काय? पुढे विस्मरण. १९८२ साली पेटकरांनी अर्जुन पुरस्काराची मागणी केली. ती नाकारण्यात आली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. २०२४ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला आणि गावोगावच्या पोरांना त्यांचे नाव ठाऊक झाले. जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला तो १७ जानेवारी २०२५ रोजी. हायडेलबर्गच्या दिवसापासून मोजले तर बावन्न वर्षे. चित्रपटामुळे पुरस्कार मिळाला, असे मी म्हणत नाही. पण पडद्यावर दिसल्याखेरीज मनुष्य आपल्याला दिसत नाही, ही आपल्या समाजाची खोड मात्र मला बोचते. पेटकरांपाशी निदान सेकंदांच्या हिशेबातला विक्रम होता. जागतिक स्पर्धेच्या नोंदवहीतला तो आकडा कुणाला पुसता आला नसता. ज्याचा पराक्रम रात्रीच्या अंधारात, चार माणसांच्या डोळ्यांदेखत घडला आणि ती चार माणसे एकेक करून निघून चालली, त्याने काय करावे?

इथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. पेटकरांना परमवीर चक्र का दिले नाही, असे मला पुष्कळ जण विचारतात. युद्धात जखमी होणे हा त्याग आहे, त्याबद्दल देशाने जन्मभर ऋणी राहिले पाहिजे. पण ते चक्र जखमेसाठी नाही, शत्रूसमोरच्या विशिष्ट कृतीसाठी आहे. पेटकरांचे असामान्यत्व आहे ते त्या जखमेनंतरचे. त्यांना मिळालेले सन्मान योग्य जातीचे होते, फक्त लाजिरवाण्या उशिराने आले. म्हणून अर्ज करणाऱ्याने आधी ठरवावयाचे की आपण मागतो आहोत ते काय. मोठ्यांत मोठे नाव लिहिले म्हणजे आपल्या माणसाचा मान वाढतो, असे नव्हे. उलट न शोभणारी मागणी फाईलबंद होते, आणि जे खरोखर मिळण्याजोगे असते तेही तिच्याखाली दबून जाते. कधी थकलेले निवृत्तिवेतन असते, कधी अपंगत्वाच्या टक्क्यांची फेरतपासणी राहिलेली असते, कधी गावच्या शाळेतल्या भिंतीवर नाव लागावयाचे असते. यांपैकी एकही गोष्ट क्षुल्लक नाही.

आमच्या मुलांना मी सह्या बाजूला ठेवावयास सांगितले आणि एक वही दिली. आजोबांचे डिस्चार्ज बुक प्रथम पाहा. त्यातून सैनिक क्रमांक, पलटण, भरतीची नि सुटीची तारीख उतरवून घ्या. मग त्यांना बोलू द्या. मध्ये मध्ये 'वा, आजोबा!' करू नका, त्याने माणूस गोष्ट रंगवू लागतो. तारीख आठवत नसेल तर थंडी होती का, चंद्र होता का, त्या दिवशी जेवण काय आले होते, असे विचारा. सैनिकाला तारखा विसरायला होतात, पण भूक विसरायला होत नाही. बरोबर कोण होते, त्यांची गावे कोणती, हे विचारा. सातारा-सांगलीकडे एकेका गावात एका पलटणीची पाच-सहा माणसे निघतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. युद्धकाळात पलटणी रोजनिशी ठेवतात. तिच्यातली एक ओळ तुमच्या हजार सह्यांना भारी आहे. आणि सोबत्यांच्या जबान्या घ्याल त्या वेगवेगळ्या बसून घ्या. दोघांना एकत्र बसवले की दोघांची मिळून एकच गोष्ट तयार होते.

मुले जरा हिरमुसली. मोर्चाचा फलक त्यांनी रंगवून ठेवला होता. तरी दोघे जण वही घेऊन गेले.

वाचकहो, तुमच्या गल्लीत, गावात असा कोणी असेल तर आणखी एक गोष्ट करा, आणि ती सर्वांच्या आधी करा. त्यालाच विचारा, बाबा, तुम्हांला हे हवे आहे का? कित्येक जुने सैनिक या विषयावर बोलतच नाहीत. जो सोबती परत आला नाही त्याच्यापुढे आपण पदक मिरवावे, हे त्यांना सोसत नाही. अशा माणसाच्या नावे परस्पर अर्ज ठोकणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. तो नको म्हणाला तर अर्ज राहू द्या. पण त्याच्या तोंडून त्या सोबत्याचे नाव, गाव आणि तो कुठे पडला ते तेवढे लिहून घ्या. कदाचित त्याच्याही घरी कुणी तरी इतकी वर्षे वाट पाहत असेल.