घरच्या घरीं ध्वनिमुद्रिका

कंपनीनें बोलावल्यावांचून गाणाऱ्याचा आवाज तबकडीवर चढावयाचा नाहीं, हा रिवाज फार दिवस चालला. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आपलीं यंत्रें घेऊन कलकत्त्यास उतरला, तेव्हांपासून कोणतें गाणें टिकावें व कोणतें हवेंत विरावें हें यंत्राचा मालकच ठरवीत आला. मुंबईच्या रॉक मशीन या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९८८ सालीं बाहेर पडली, तीही सीबीएस कंपनीच्या छापानें. आज पनवेल तालुक्यांत बेलपाड्यासारख्या ठिकाणीं भाड्याच्या खोलींत राहणारे चार तरुण आपली पहिली ध्वनिमुद्रिका कोणाचीही परवानगी न मागतां मुद्रित करूं शकतात. संगणक, दोन-तीन मायक्रोफोन, आवाजाचें अंकांत रूपांतर करणारी वहीएवढी एक पेटी आणि हेडफोन, इतकें साहित्य पुरतें. कंपनी गेली. तिच्याबरोबर आणखी काय गेलें तें मात्र काम सुरू झाल्यावर कळतें.

पहिला झगडा खोलीशीं. बेलपाडें हें जुनें गांव आतां खारघरच्या इमारतींनीं वेढलें आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजीं बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली आणि तिच्या एका स्थानकास या गांवाचें नांव मिळालें. गाडीची घरघर, शेजारच्या कुकरची शिटी, आषाढांत खिडकीवरच्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस, यांपैकीं कशालाही मायक्रोफोन दाराबाहेर थांबवीत नाहीं. भिंतींना गोधड्या टांगण्याचा उपाय सर्वांस सुचतो. गोधडी झांजेची खणखण शोषून घेते. खर्जापुढें मात्र तिचें कांहीं चालत नाहीं. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा असतो व त्याची एक लाट आठ मीटरांहून लांब. उलट सेकंदास ४७ कंपनांच्या आसपासचा स्वर बारा फुटी खोलीच्या मापाशीं नेमका जुळतो आणि ढोलासारखा घुमतो. बोट सारखेंच पडलें असतां एक स्वर फुगतो, दुसरा हरवतो, आणि ठपका बिचाऱ्या वादकावर येतो. बास सरळ यंत्रांत जोडून मुद्रित करणें शहाणपणाचें. तरीही झालेलें काम स्पीकरवर ऐकूं गेल्यास खोली पुन्हां आपलें मत देतेच.

ड्रमला असा आडमार्ग नाहीं. निवासी वस्तींत आवाजाची मर्यादा २००० सालच्या नियमांनीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ठरविली आहे. ड्रमचा जोराचा ठोका जवळून मोजला तर शंभरांच्या वर जातो. वरच्या मजल्यावर परीक्षेस बसलेलें पोर असेल तर नियम काढून दाखविण्याचीही गरज पडत नाहीं. एक दिवस स्टुडिओ भाड्यानें घेऊन ड्रम तेवढे तेथें वाजवावेत, हें उत्तम.

खरी कसोटी यापुढें लागते. ११ फेब्रुवारी १९६३ रोजीं बीटल्सनीं लंडनच्या स्टुडिओंत आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचीं दहा गाणीं एका दिवसांत आटोपलीं. अखेरच्या गाण्याच्या वेळीं जॉन लेननचा घसा सर्दीनें बसला होता; तोच खरखरीत आवाज तबकडीवर राहिला. स्टुडिओचें घड्याळ चालू होतें ना! घरीं तसें घड्याळ नसतें. नोकरीहून परतल्यावर, रोज रात्रीं थोडें थोडें, एकेक वाद्य निराळें मुद्रित होतें आणि तें कितीही वेळां पुसतां येतें. गायक चाळिसाव्यांदा तीच ओळ गातो. सूर बिनचूक लागतो, पण पहिल्या वेळची ऊब नाहींशी झालेली असते. ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार कोणासच नाहीं, कारण चौघेही सारखेच मालक. मग पैशावरून नव्हे, तर एका गाण्यांत गिटार किती मोठी ठेवावी यावरून बोलणें बंद होतें.

अमेरिकेंतील बॉस्टन या बँडचा टॉम शोल्झ पोलरॉइड कंपनींत इंजिनियर होता. त्यानें तळघरांत वर्षानुवर्षें गाणीं घडविलीं. करार झाल्यावर कंपनीनें तीं चांगल्या स्टुडिओंत पुन्हां मुद्रित करावयास सांगितलें, तरी त्यानें बरेंचसें काम तळघरांतच उरकलें. १९७६ सालची ती पहिली ध्वनिमुद्रिका लाखोंनीं खपली. हें उदाहरण घरीं मुद्रण करणाऱ्यांस फार प्रिय आहे. तेथें एकाच माणसाचा शब्द चालत होता, हें सांगावयाचें मात्र राहून जातें.

ब्रूस स्प्रिंगस्टीनची गोष्ट अधिक उपयोगी पडेल. जानेवारी १९८२ मध्यें त्यानें न्यू जर्सींतील घरीं, साध्या कॅसेटवर चार पट्ट्यांत मुद्रण करणाऱ्या यंत्रावर, केवळ नमुना म्हणून कांहीं गाणीं गाऊन ठेवलीं. पुढें तीं बँडसह स्टुडिओंत वाजवून पाहिलीं. पण तो एकाकी आवाज कांहीं केल्या परत येईना. अखेर खिशांतून वागविलेली ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नांवानें प्रसिद्ध झाली.

बेलपाड्याच्या मंडळींनींही पहिलें कच्चें मुद्रण पुसून टाकूं नये. महिन्याभरानें तें आणि सुधारलेलें, दोन्हीं चौघांबाहेरच्या कोणा जाणत्यास, शक्य तर रॉक न आवडणाऱ्यास, ऐकवावींत; पहिलें कोणतें व दुसरें कोणतें हें न सांगतां.