हेगनची रिकामी खुर्ची



काल 'गॉडफादर'च्या पहिल्या दोन भागांवर बोललो. 1972 आणि 1974. दोन्हींना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. आज तिसऱ्याची पाळी. तो 1990 च्या नाताळात लागला, त्याला सात नामांकनं मिळाली आणि हाती एकही बाहुली आली नाही.

हा चित्रपट का फसला असं विचारलं की लोक एकच नाव घेतात, सोफिया कोपोला. माफिया कुटुंबप्रमुख मायकेल कॉर्लिओनेच्या मुलीची, मेरीची भूमिका विनोना रायडर करणार होती. ऐनवेळी ती आजारपणामुळे बाहेर पडली आणि दिग्दर्शक कोपोलांनी स्वतःच्या मुलीला उभं केलं. पोरगी विशीच्या आतली, अभिनयाचा अनुभव बेताचा. टीकाकारांनी तिला सोलून काढलं. ती अवघडलेली दिसते हे मला मान्य आहे. पण एवढा वाडा खचला तो काय एका कच्च्या विटेमुळे? खापर फोडायला मुलीचा माथा सोयीचा पडतो, एवढंच.

माझ्या मते वाडा खचला तो कुटुंबाच्या जुन्या वकिलाच्या, टॉम हेगनच्या रिकाम्या खुर्चीपाशी. ती भूमिका करणाऱ्या रॉबर्ट डुव्हॉलनं मानधनावरून नकार दिला, म्हणून हेगनला आधीच मेलेला दाखवलं आणि त्याच्या जागी जॉर्ज हॅमिल्टनचा चकचकीत वकील आणला. वकील कुठलाही मिळतो हो! हेगन हा कॉर्लिओनेंच्या घरात वाढलेला परका मुलगा. मायकेलला समोरासमोर टोकू शकेल असा तो शेवटचा माणूस. तो गेला आणि मायकेलच्या भोवती फक्त हुजरे उरले.

पहिल्या भागातलं स्वयंपाकघर आठवा. टोळीतला जुना साथीदार क्लेमेंझा टोमॅटोचा रस्सा कसा करायचा ते मायकेलला शिकवतोय, आणि बाहेर टोळीयुद्ध पेटलंय. रक्त आणि रस्सा एकाच घरात शिजत होते, म्हणून तर आपण त्या गुन्हेगारांना घरचं मानलं! तिसऱ्या भागात मेरी आणि तिचा चुलतभाऊ व्हिन्सेंट मिळून पीठ मळतात, तेवढीच काय ती चूल. बाकी सगळी सभागृहं, समभाग आणि व्हॅटिकनची बँक.

बरं, खऱ्या घटनांचा मसाला अस्सल होता. पोप जॉन पॉल पहिले 1978 मध्ये निवडून आल्यावर 33 दिवसांत वारले. अम्ब्रोसियानो बँकेचे रॉबर्टो काल्वी 1982 मध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेले सापडले. कोपोला आणि मूळ कादंबरीचे लेखक पुझो यांनी सालं थोडी सरकवून हे सगळं कथेत ओवलं. पण वर्तमानपत्रं आत आली तसं घरातलं माणूस बाहेर गेलं. (आपल्या रामगोपाल वर्मांनी 'गॉडफादर'चं ऋण मानून 2005 मध्ये 'सरकार' केला, तेव्हा त्यातल्या नागरे कुटुंबाचं घर नीट धरलं होतं. तिसरा भाग त्यांनाही लाभला नाही.)

तरीही दोन प्रसंगांसाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो. अंगणात कार्डिनल लॅम्बर्टोपुढे मायकेल आपल्या भावाच्या, फ्रेडोच्या खुनाची कबुली देतो. मला भावानं भावाला मारलेलं ऐकवत नाही, पण ऐकावं लागतं, कारण तो त्याला नुसतं भाऊ म्हणून थांबत नाही, आईचा मुलगा, बापाचा मुलगा म्हणतो. आणि पालेर्मोच्या तेआत्रो मास्सिमोच्या पायऱ्या. बापासाठी निघालेली गोळी मेरीला लागते. मायकेल झालेला पचिनो तोंड उघडतो आणि किती तरी वेळ आवाजच येत नाही.

2020 मध्ये कोपोलांनी चित्रपट नव्यानं कापला. नावात मायकेल कॉर्लिओनेचा मृत्यू आहे, पडद्यावर मात्र तो आता मरत नाही. मूळ चित्रपट सुरू व्हायचा तो टाहो सरोवराकाठच्या ओसाड, पडझड झालेल्या घरानं. नव्या आवृत्तीत सुरुवातीला ते घर नाही. ती सरळ आर्चबिशपबरोबरच्या पैशाच्या सौद्यानं उघडते.