बायकांनीं ख्रिस्ती मंडळींत बोलावें कीं न बोलावें?

(स्त्रीपुरुषांच्या सभेंत झालेलें भाषण)



आज मी ख्रिस्ती लोकांच्या देवळाविषयीं बोलणार आहें. "आपल्याला त्याचें काय?" असें मागें कोणी पुटपुटत आहे, त्यानें थोडा धीर धरावा. गोष्ट आपल्याच मुलखांतल्या बाईची आहे.

पंडिता रमाबाई १८८३ सालीं विलायतेस गेल्या आणि त्याच वर्षीं वांटेज गांवीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजांत असतांना त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें अशी गोष्ट निघाली. झालें! हिंदुस्थानांतल्या बिशपांचें मत मागविलें, आणि तें आलें कीं, हें बरें नव्हे. कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं जिला मान दिला, त्या बाईला हा उपदेश! बाईंनीं लिहून कळविलें कीं, माझी आई व मी पुरुषांस शिकवीत होतों, तेव्हां माझ्या बापानें किंवा नवऱ्यानें कधीं हरकत घेतली नाहीं. इकडे जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं 'सत्सार' काढून बाईंची बाजू घेतली.

बायकांना गप्प बसविणारे पाद्री बोट ठेवतात तें पौलाच्या पत्रांवर. करिंथकरांच्या पहिल्या पत्रांत, १४ व्या अध्यायांत, बायकांनीं सभेंत गप्प राहावें असें आहे खरें. पण त्याच पत्राचा ११ वा अध्याय उघडा. तेथें प्रार्थना करणाऱ्या व देवाचा संदेश सांगणाऱ्या बाईनें डोकें झांकावें असें लिहिलें आहे. आतां मला सांगा, जिनें तोंडच उघडायचें नाहीं, तिच्या पदराची पंचाईत कशाला? आणि प्रिस्किल्ला कोण? तंबू करणाऱ्या कारागिराची बायको. तिनें आणि तिच्या नवऱ्यानें अपुल्लो नांवाच्या विद्वान वक्त्याला घरीं नेऊन मार्ग नीट समजावून दिला. किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून पौलानें फीबीचें नांव घेतलें आहे. तिच्यासाठीं जो ग्रीक शब्द वापरला, तोच पौल स्वतःलाहि लावतो.

हें आपल्या घरच्या बाईला कळावें कसें? पोथी ज्याच्या हातीं, अर्थ त्याचा. हें रमाबाईंनीं ओळखलें. केडगांवास मुक्तिसदनांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठींत उतरविलें. तेथल्याच छापखान्यांत, तेथल्याच मुलींनीं खिळे जुळवून तें छापलें. त्यांतल्या कित्येक दुष्काळांत उपाशी सांपडलेल्या मुली होत्या. बाई १९२२ सालीं वारल्या. सबंध ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

ज्या इंग्रजी चर्चच्या बिशपांनीं बाईंना अडविलें, त्यानें १९९४ सालीं बायकांस पाद्रीपणाची दीक्षा दिली, २०१५ सालीं बाई बिशप केली, आणि २०२५ सालीं कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठीं सारा मुलाली या बाईंची निवड जाहीर झाली. पूर्वीं त्या परिचारिका होत्या. दक्षिण भारताच्या मंडळींत २०१३ सालीं पुष्पा ललिता बिशप झाल्या.

रोमन मंडळीचें मात्र निराळें आहे. वसईच्या किंवा गोव्याच्या देवळांत बाई शास्त्रवाचन करते, आणि त्या कामावर रीतसर नेमणुकीचें दार पोपनीं २०२१ सालीं तिला उघडलें. पण १९९४ सालीं पोपनींच लिहून ठेवलें आहे कीं, बाईस पाद्री करण्याचा अधिकार मंडळीस मुळींच नाहीं. म्हणजे बाईनें ग्रंथ वाचून दाखवायचा, आणि वाचून झाला कीं खालीं जाऊन बसायचें.