कलावंताची सही आणि वकिलाचे कर्तव्य
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर आपण ज्ञातीतील कलावंतांचा शाल व श्रीफळ देऊन गौरव करतो. ते उचितच आहे; परंतु करारनाम्यातील एका ओळीने झालेली हानी शालीने भरून निघत नाही. ती टाळण्याचे सामर्थ्य ज्यांच्या अंगी आहे, त्या माझ्या वकीलबंधूंना उद्देशून आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्यातीलच एका वृद्ध कवनकाराची हकिकत सांगतो. त्यांनी आपली कवने ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका कंपनीस लिहून दिली होती. नऊ वर्षांनी त्यांनी तीच कवने एका जत्रेत म्हटली, तेव्हा कंपनीची नोटीस आली. बुवांनी गाणेच थांबविले आणि दोन हंगाम घरी बसून काढले. पुढे तो कागद माझ्या हाती आला. त्यात हक्कांचा उल्लेख होता, मुदतीचा नव्हता. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, कायद्यातील कलम १९ असे सांगते की, मुदत लिहिलेली नसल्यास हक्कांचे हस्तांतर पाच वर्षांपुरतेच समजावे. म्हणजे नोटीस येण्यापूर्वी चार वर्षेच ते हक्क बुवांकडे परत आलेले होते! एका उत्तराने प्रकरण मिटले. परंतु दोन हंगामांची बिदागी गेली ती गेलीच. “आधीच का आला नाहीत?” असे मी विचारले. ते म्हणाले, “वकिलाची फी कोठून आणू?” माझे घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. शरमेने मान खाली घालण्याची पाळी माझी होती.

हक्क विकले तरी कर्त्याचे सर्वच जाते असे नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडविलेले भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले व त्याची मोडतोड झाली. कलम ५७ च्या आधारे ते प्रत्यक्ष सरकारविरुद्ध लढले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लक्ष रुपये भरपाईचा निर्णय दिला. परंतु इतका दीर्घ लढा किती कलावंतांच्या आवाक्यात आहे?

न्यूयॉर्क शहरात १९६९ मध्ये काही वकिलांनी याच कार्यासाठी एक संस्था स्थापन केली. ज्यांची ऐपत नाही अशा कलावंतांना वकिलांनी आपला वेळ विनामूल्य द्यावा, एवढीच तिची मूळ कल्पना. आपल्याकडेही राज्यघटनेत १९७६ मध्ये कलम ३९-अ आले आणि १९८७ चा विधिसेवा कायदा १९९५ पासून अमलात आला. त्यान्वये स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य साह्य मिळते. आपल्या गायिका व नर्तकी भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. या व्यवस्थेचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु कलावंताला वकिलाची खरी गरज खटला उभा राहिल्यावर नव्हे, तर सही करण्यापूर्वी असते. आणि त्या क्षणी त्याला परके कार्यालय आठवत नाही, आपला माणूस आठवतो.

तो आपला माणूस आपण व्हावे. असहायांना विनामूल्य साह्य देणे हे वकिलाच्या श्रेष्ठ कर्तव्यांपैकी एक आहे, असे बार कौन्सिलचे नियमच सांगतात. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन तास ज्ञातीच्या कार्यालयात एका वकिलाने बसावे. पहिल्या रविवारी मी बसतो. कलावंत बंधुभगिनींनीही तीन गोष्टी पाळाव्यात : कोऱ्या कागदावर सही करू नये, मुदत, मोबदला व प्रदेश लिहिल्यावाचून हक्क देऊ नयेत, आणि कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. कागद दुसऱ्यास दाखविण्यात देणाऱ्याचा अविश्वास होत नाही. दोघांचेही हित होते.

पुढील वर्षी शाल देताना आपण कलावंतास एवढेच विचारू शकलो की, “बुवा, कागद दाखविला होता ना?” तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.