‘रेफर केलं’ म्हणजे काय?

आमच्या मिरजेत दवाखान्यांची वाण नाही. कर्नाटकातूनही माणसं इथं उपचाराला येतात. त्यामुळं ‘रेफर केलं’ हा शब्द इथल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक असतो. अर्थ मात्र ती एकच लावते, की डॉक्टरांनी हात टेकले.

२०२२ साली हा शब्द आमच्या घरात आला. माझ्या धाकट्या बहिणीची नात तेव्हा अकरा वर्षांची होती. तिसऱ्या वर्षी तिला जबर न्यूमोनिया झाला होता. त्यातून ती वाचली, पण फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका वण धरून आखडल्या. अशा सगळ्याच मुलांचा त्रास पुढं वाढतो असं नाही. हिचा वाढला. रात्री ऑक्सिजन लागू लागला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “चेन्नईला फुप्फुस-प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवून आणा.” घरात रडारड झाली. डॉक्टरांचं पुढचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. ते होतं, “आत्ता गरज नाही, म्हणूनच आत्ता जा.”

त्या वाक्याचा अर्थ मला चेन्नईत कळला. मूल पार खंगल्यावर, व्हेंटिलेटरवर गेल्यावर नेलं, तर तपासण्यांना वेळ उरत नाही आणि एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसायला अंगात बळही नसतं. आधी नेलं तर ओळख होते, उणिवा भरून काढता येतात. दाखवायला नेलं म्हणजे यादीत नाव लागलं असं नाही, आणि नाव लागलं म्हणजे शस्त्रक्रिया झाली असंही नाही.

तिथं आठ दिवस तपासण्या चालल्या. छातीचा सीटी स्कॅन, हृदयाची सोनोग्राफी, रक्तगट, मूत्रपिंड, यकृत, थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का, हे सगळं झालं. दातसुद्धा पाहिले, कारण किडका दात हे जंतूंचं घर आणि प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती औषधांनी जन्मभर दाबून ठेवावी लागते. गोवर-कांजिण्यांच्या लसी झाल्यात का, हेही विचारलं. त्या जिवंत जंतूंच्या लसी नंतर देता येत नाहीत. सहा मिनिटं चालायची एक चाचणी असते. व्हरांड्यात पोरगी चालत होती, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा आणि मागून तिचा बाप, जणू तोच परीक्षेला बसलाय.

खरी परीक्षा त्याचीच होती म्हणा. समाजसेविकेनं त्याला विचारलं, रोज ठरल्या वेळी गोळ्या कोण देणार? शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने दवाखान्याजवळ राहावं लागेल, तेव्हा दुकान कोण बघणार? मला आधी राग आला. गरिबाची झडती कशाला घेता? पण दोन गोळ्या चुकल्या तरी शरीर परकं फुप्फुस नाकारू शकतं, हे कळल्यावर मी गप्प बसलो.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. प्रत्यारोपण हा रोगावरचा कायमचा इलाज नव्हे. जगभरच्या नोंदींचा हिशेब असा, की निम्मी मुलं त्यानंतर साधारण पाच-सहा वर्षं किंवा त्याहून अधिक जगतात; उरलेली त्याआधीच जातात. आणि नव्या फुप्फुसाला पुढं सर्वाधिक ग्रासणारा विकार कुठला, तर पुन्हा बारीक श्वासनलिका आखडण्याचाच. त्यामुळं फार लवकर करणंही चूक, फार उशिरा करणंही चूक.

फुप्फुस छातीत मावायला हवं, म्हणून उंची जुळवतात. कधी मोठ्या माणसाचं फुप्फुस कापून लहान करून बसवतात, पण बहुधा दाता मूलच लागतं. माझ्या बहिणीला हे कळलं त्या रात्री ती नमाजच्या चटईवर नुसती बसून राहिली. म्हणाली, “भाईजान, दुआत मागू काय? कुणाचं तरी लेकरू जावं, असं मागू?”

मी बी.ए. झालेला, चार कवितासंग्रह लिहिलेला माणूस. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तिला कायदा सांगितला. १९९४ च्या कायद्यानुसार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून मेंदूमृत्यू ठरवतं. मग अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत आई किंवा बाप संमती देतात. आपल्या मागण्यानं कुणी मरत नाही. ती म्हणाली, “म्हणजे सही आईलाही करावी लागते.” मग बराच वेळ तसबीह फिरवत राहिली. सकाळी म्हणाली, “मी त्या आईसाठी सब्र मागितला.”

निर्णय असा झाला, की आत्ता यादीत नाव नको. वजन वाढवा, राहिलेल्या लसी घ्या, दर तीन महिन्यांनी दाखवा. परतीच्या गाडीत बापानं एक वही घेतली आणि पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं: २३ किलो ४०० ग्रॅम. पोरीनं ती ओढून घेतली आणि खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: चपला घालून.